मुरगळलेला पाय, धरलेली पाठ

कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. पैलवान खाशाबा जाधव या गावचे. १९५२ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरात ऑलिंपिकचे सामने झाले. त्यात खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ते गावी परतले तेव्हा बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. ती आठवण आमच्या भागात अजून सांगतात.

पदकाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९५६ साली पुढचे ऑलिंपिक मेलबर्नला झाले. खाशाबा तिथे जाऊ शकले नाहीत. गुडघ्याची दुखापत आड आली.

आता सांगलीची गोष्ट ऐका. स्मृती मानधना ही क्रिकेट खेळणारी मुलगी सांगलीत, माधवनगरला वाढली. २०१७ च्या जानेवारीत ती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संघाकडून खेळत होती. खेळताना तिच्या गुडघ्यातला मुख्य बंध तुटला. जून महिन्यात इंग्लंडमध्ये महिलांचा विश्वचषक होता. मधले महिने तिने गुडघा पुन्हा बळकट करण्यात घालवले. २४ जूनला ती इंग्लंडविरुद्ध उतरली आणि तिने ९० धावा काढल्या. पाच दिवसांनी वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६.

दोघांच्या दुखापती अगदी सारख्या होत्या, असे आमचे म्हणणे नाही. पण या दोन गोष्टींमध्ये साठ वर्षांचे अंतर आहे. त्या साठ वर्षांत माणसाचा गुडघा बदलला नाही. दुखावलेल्या गुडघ्याचे काय करावे, याचे ज्ञान बदलले. ते ज्ञान पैलवानाच्या आणि खेळाडूच्या उपयोगाचे आहे, तसेच तुमच्याही उपयोगाचे आहे. किंबहुना तुमच्या जास्त. खेळाडूचा पाय मोडला तर खेळ बुडतो. ऊस तोडणाऱ्याचा पाय मुरगळला तर चूल बंद पडते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. तासगावकडे द्राक्षबागेत बाया दिवसभर हात वर करून विरळणी करतात, त्यांचे खांदे धरतात. पाटणकडे भातलावणीत वाकून वाकून पाठ धरते. या सगळ्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

सांध्यात काय असते?

कोंबडीची तंगडी सर्वांनी पाहिली आहे. माळकरी मंडळींनी खाल्ली नसेल, पण पाहिली असेलच! तिच्यातले लाल मांस म्हणजे स्नायू. मांस जिथे संपते तिथे एक पांढरी, चकचकीत, चिवट दोरी असते. ती चावून तुटत नाही. ती कंडरा. स्नायू ओढतो, कंडरा ती ओढ हाडापर्यंत नेते. मोटेला बैल आणि नाडा असतो ना, तसेच हे. बैल म्हणजे स्नायू आणि नाडा म्हणजे कंडरा. हाडाच्या टोकावर पांढरी, गुळगुळीत टोपी असते. ती कूर्चा. तिच्यामुळे हाड हाडावर घासत नाही. आणि एक हाड दुसऱ्या हाडाला बांधून ठेवणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, ते सांध्याचे बंध.

आपल्यातही हेच सगळे आहे. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात किंवा थोडे फाटतात. चमक भरते तेव्हा बहुधा स्नायू दुखावलेला असतो. कोयता मारून मारून कोपराच्या बाहेरच्या बाजूला जी कळ येते, ती कंडरेची.

यातले कोण लवकर बरे होते? ज्याला रक्त जास्त मिळते तो. स्नायूला रक्त भरपूर, म्हणून साधी चमक काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत जाते. कंडरेला रक्त कमी, तिला महिने लागतात. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून ती झिजली की सहजी भरून येत नाही. तेव्हा, "शेजारच्याचा पाय आठ दिवसांत बरा झाला, माझाच का होत नाही?" असे म्हणून उपयोग नाही. त्याचे काय दुखावले आणि तुमचे काय दुखावले, ते आधी पाहावे लागते.

फाटलेला भाग शरीर स्वतःच सांधते. हे काम कसे चालते, ते ध्यानात घ्या. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. आधी तिथे रक्त आणि पाणी जमते. ती सूज. मग शरीर नवे धागे टाकते. हे धागे सुरुवातीला वेडेवाकडे पडतात. अंबाडीचा वाख नुसता काढून टाकला की कसा गुंतलेला असतो! त्या गुंत्याला काही बैल बांधता येत नाही. तो विंचरला, ओढला, पीळ दिला, म्हणजे कासरा होतो. नव्या धाग्यांनाही तशीच ओढ लागते. बेताबेताने ओढ मिळाली की ते ओढीच्या दिशेने सरळ लागतात आणि बळकट होतात. ओढच मिळाली नाही तर गुंता तसाच राहतो. आणि फार लवकर, फार जोराची ओढ दिली तर ओले धागे पुन्हा तुटतात.

पूर्वी हे माहीत नव्हते. दुखावलेला अवयव हलवायचा नाही, असाच सरसकट सल्ला असे. आठवडेच्या आठवडे प्लॅस्टर, नाहीतर खाट. प्लॅस्टर काढल्यावर मांडी वाळलेल्या काठीसारखी दिसे. लोक म्हणत, "दुखण्यानं पाय वाळला." दुखण्याने नव्हे, बराचसा तो न हलवल्याने वाळला. मोडलेल्या हाडाला प्लॅस्टर लागते, ते वेगळे. पण मुरगळलेल्या सांध्याला महिनाभर बांधून ठेवणे आता चांगले समजत नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस

पाय मुरगळला की आपल्याकडे पहिले काम काय करतात? चोळतात. घरची म्हातारी तेल कोमट करते आणि अंगठ्याने रगडते. आम्ही कितीतरी जणींच्या तोंडून ऐकले आहे, "गुर्जी, चोळून घेतला तवा ग्वाड वाटलं, सकाळी बघतीय तर पाय भोपळ्यावाणी!" असेच होणार. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. वरून रगडले की आणखी रक्त सुटते. म्हणून ताज्या दुखापतीवर चोळू नये. शेकूही नये. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, त्याला आमची ना नाही. मात्र कातडी फुटलेली असेल तर लावू नका. आणि लेपावर विसंबून पुढचे काम टाळू नका.

मग करावे काय? पाय उशीवर किंवा गोधडीच्या घडीवर उंच ठेवा. रुंद पट्टी बेताने गुंडाळा. बर्फ मिळाला तर फडक्यात घालून दहा-पंधरा मिनिटे लावा. नाहीतर माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके चालेल. १९७८ साली अमेरिकेतले डॉक्टर गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे, अशा चार गोष्टी पुस्तकात सांगितल्या. जगभर त्या पाठ झाल्या. गंमत अशी की पुढे मिर्किन यांनीच लिहिले, बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने बरे होण्याला उशीरही लागू शकतो. म्हणजे बर्फ हा कळ कमी करण्यापुरता. तो औषध नव्हे.

पट्टी किंवा बांबूच्या कामट्या बांधल्यावर बोटांकडे लक्ष ठेवा. बोटे गार पडली, काळी-निळी झाली, मुंग्या येऊन बधिर झाली, तर पट्टी तत्काळ सोडा. ज्याने बांधली तो कितीही नावाजलेला असो, त्याची वाट पाहू नका. हाडवैद्यांच्या हाताला गुण आहे, असे लोक सांगतात. काहींच्या हातात कसब असते, हे खरेच. पण आवळून बांधल्याने रक्त बंद होऊन हात-पाय कापावे लागल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या दप्तरी पुष्कळ आहेत. निखळलेला खांदा ओढून बसवताना शीर दुखावू शकते. आधी फोटो काढावा हे बरे.

फोटो केव्हा काढायचा? दर वेळी काढायची गरज नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक सोपी पारख सांगितली. ती आता जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही अंगांना हाडाची टोके असतात. त्या टोकांवर किंवा त्यांच्या मागच्या कडेवर बोटाने दाबून पाहा. पाऊल दुखत असेल तर पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड लागते, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर जे हाड लागते, त्यांवरही दाबा. नेमकी हाडावर कळ उठली तर फोटो काढा. आणखी एक. दुखापत झाल्या झाल्या आणि नंतर दवाखान्यातही माणूस चार पावले टाकू शकत नसेल, लंगडतसुद्धा नाही, तरीही फोटो काढा. यातले काही नसेल तर हाड मोडलेले असण्याचा संभव फार थोडा. ही पारख लहान मुलांसाठी आणि दारू प्यायलेल्या माणसासाठी नाही. प्यायलेल्याला कळ कुठे समजते!

हाड शाबूत असेल तर दोन-तीन दिवसांनी पाऊल हलवायला लागा. वर, खाली, गोल. मग हळूहळू वजन द्या. कळ कमी झाली की भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळा. हे पोरखेळासारखे वाटते, पण यात मोठे मर्म आहे. बंधांमध्ये तोलाची जाणीव असते. बंध फाटला की ती मंदावते. म्हणून तर एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. तोल सांभाळण्याच्या सरावाने ही खोड कमी होते.

पाठ धरली तर

पाठीची गोष्ट हेलसिंकीचीच आहे. खाशाबांनी पदक मिळवले त्याच शहरातली. तिथल्या नगरपालिकेच्या नोकरांपैकी नुकतीच पाठ धरलेल्या १८६ जणांवर एक अभ्यास झाला. तो १९९५ साली छापला गेला. लोकांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस खाटेवर पडायला सांगितले. दुसऱ्या गटाला पाठीचे व्यायाम दिले. तिसऱ्याला सांगितले, सोसेल तितके आपले रोजचे व्यवहार चालू ठेवा. कोण लवकर बरे झाले असेल? तिसरा गट. सर्वांत मागे राहिला तो खाटेवरचा.

याचा अर्थ पाठ धरली असताना साखरेचे पोते उचलावे, असा नाही. उठावे, चालावे, हलके काम करावे, एवढाच आहे. पण पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातले बळ गेले, ताप आला, किंवा झाडावरून पडून पाठ धरली, तर मात्र चालत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

कंडरेचे दुखणे आणि सुई

कोपराची कळ असली की गडी म्हणतो, "डाक्टर, सुई मारा, उद्या कोयता धरायचा हाय." सांध्यात किंवा कंडरेपाशी देतात ती सुई बहुधा स्टिरॉइडची असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कोपराच्या अशाच दुखण्याच्या १९८ लोकांना पारखले. काहींना ही सुई दिली, काहींना व्यायाम आणि हाताचे उपचार दिले, काहींना नुसते सांभाळून राहायला सांगितले. २००६ साली निकाल छापला. सहा आठवड्यांनी सुईवाले सर्वांत पुढे होते. पण नंतर त्यांतल्या शंभरात बहात्तर जणांचे दुखणे उलटले. वर्षाअखेर व्यायामवाले आणि सांभाळून राहिलेले त्यांच्या पुढे होते. सुईने हंगाम निघतो, कोपर सुटत नाही. डॉक्टरने सुई सुचवली तर हे त्यांच्याशी बोलून घ्यावे. विचारण्यात लाज नाही.

कंडरेला व्यायामाने कसा गुण येतो, हे स्वीडनमध्ये दिसले. हाकान अल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरांनी १९९८ साली टाचेच्या मागची जाड शीर दुखणाऱ्या १५ धावपटूंना एक व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे आणि टाच सावकाश खाली न्यायची. एका वेळी पंधरा, असे तीनदा. सकाळी आणि संध्याकाळी. बारा आठवडे, रोज. ते पंधराच्या पंधरा पुन्हा पळू लागले. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांनाच इतका गुण आला नाही, तरी पुष्कळांना आला. आपल्याकडे घराचा ओटा किंवा देवळाची पायरी आहेच. यात थोडी कळ होते, ती चालते. किती कळ सोसावी, याचे माप दुसऱ्या दिवशीच्या सकाळी मिळते. सकाळी कळ किंवा सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झाले. तेवढे कमी करावे. वाढली नसेल तर तसेच चालू ठेवून थोडे थोडे वाढवावे. पोराच्या जोर-बैठका वस्ताद एकदम शंभरावर नेत नाहीत, दहा-वीसने वाढवतात. तीच रीत.

गुडघा

गुडघ्याचे थोडे सविस्तर सांगतो, कारण पैसा सर्वांत जास्त इथे जातो. पाय रोवलेला असताना अंग फिरले, आत 'कट्' असा आवाज झाला आणि तासा-दोन तासांत गुडघा सुजून टम्म झाला, तर मुख्य बंध तुटलेला असू शकतो. कबड्डीत, कुस्तीत, चिखलात घसरताना असे होते. सूज उतरल्यावर सरळ चालता येते. म्हणून माणूस समजतो, बरे झाले. मग बांधावरून उतरताना गुडघा दगा देतो. असा गुडघा घेऊन वर्षभर काम केले तर आतल्या गाद्या फाटतात. तेव्हा लवकर दाखवावे.

शस्त्रक्रिया करावीच लागते का? स्वीडनमध्ये असा बंध तुटलेल्या १२१ तरुण माणसांचे दोन गट केले. एका गटाची लगेच शस्त्रक्रिया केली आणि व्यायाम दिला. दुसऱ्या गटाला आधी व्यायाम दिला आणि सांगितले, गरज पडली तर नंतर शस्त्रक्रिया करू. २०१० साली निकाल छापला. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांपैकी २३ जणांना नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. बाकीच्यांचे व्यायामावर भागले. म्हणून घाईने जमीन गहाण टाकू नका. आधी काही महिने नेटाने व्यायाम करून पाहण्याविषयी डॉक्टरांना विचारा. गुडघा अडकून बसत असेल, सरळच होत नसेल, तर गोष्ट वेगळी.

शस्त्रक्रिया झालीच तर पुन्हा मैदानात उतरायची घाई नको. नॉर्वेत २०१६ साली दिसले की नऊ महिन्यांपर्यंत जितका धीर धरावा, तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटतो. दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने. स्मृती मानधना पाच महिन्यांत खेळली, पण तिच्यामागे रोज पाहणारी जाणती माणसे होती. गावच्या पैलवानाने तिचे महिने मोजू नयेत.

म्हाताऱ्या माणसांचे गुडघे झिजीने दुखतात. "आता या वयात कसला व्यायाम?" असे ती म्हणतात. अमेरिकेत बोस्टन शहरी १९९० साली वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांडीचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय ९० होते. एकाने मध्येच सोडला. उरलेल्या नऊ जणांच्या मांडीचे बळ आठ आठवड्यांत सरासरी पावणेतीनपट झाले. नव्वदीत हे होते, तर साठीत का होणार नाही? मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खुर्चीवरून किंवा बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठावे, दहा वेळा बसावे. ते जमत नसेल तर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती खाली दाबावी, पाच अंक मोजावे आणि सोडावे. छातीचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

व्यायाम शिकवणारे जे जाणते असतात त्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात. त्यांचे शिक्षण आपल्या देशात सुरू झाले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, १९५२ च्या सुमारास. आता कऱ्हाडला कृष्णा संस्थेत त्यांचे महाविद्यालयच आहे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी, तिथे खर्च कमी येतो. जाताना वही आणि पेन्सिल बरोबर न्या. कोणता व्यायाम, किती वेळा, किती दिवस, आणि कशाने थांबायचे, हे त्यांच्यासमोर तुमच्या हाताने लिहून घ्या आणि त्यांना वाचून दाखवा. तो कागद चुलीजवळच्या भिंतीला लावा. रोज व्यायाम झाला की त्यावर एक रेघ ओढा. पुढच्या खेपेला तोच कागद बरोबर घेऊन जा.